गेटच्या आतली हिरवाई, गेटबाहेरचे पाणी

सप्टेंबर हा सहकारी साखर कारखान्यांच्या सर्वसाधारण सभांचा महिना. सभेआधी वार्षिक अहवाल सभासदांच्या घरी येतो. पूर्वी त्यात गाळप किती, उतारा किती, दर काय दिला, कर्ज किती उरले एवढेच असे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यात पर्यावरणाची पाने वाढली आहेत. झाडे लावताना संचालक मंडळाचा फोटो, शून्य सांडपाणी प्रकल्प, सहवीज, इथेनॉल, ठिबक आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवरची ऊसशेती असा मजकूर त्यात असतो. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या वार्षिक पुरस्कारांतही पर्यावरण संवर्धनाची स्वतंत्र दखल घेतली जाते. साखर कारखानदारी हिरवी बोली शिकली आहे, हे उघड आहे.

ती बोली खोटी आहे का? बहुतेक वेळा नाही. अहवालात दाखवलेला प्रकल्प जागेवर उभा असतो, चालूही असतो. प्रश्न वेगळाच आहे. जे सांगितले जाते ते जवळजवळ सगळे कारखान्याच्या गेटच्या आतले असते आणि उसाचा निसर्गावरचा मोठा भार असतो गेटच्या बाहेर, फडात. उद्योग काय सांगतो, कोणाला सांगतो आणि काय गाळतो याचा हा आढावा.

विकासाकडून बचावाकडे

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला. तिथून पुढची तीन दशके कारखान्याने लोकांना सांगायची गोष्ट एकच होती, ती म्हणजे विकास. शाळा, दवाखाना, रस्ता, उपसा सिंचन योजना. पाणी आणणे हा त्या काळात पराक्रम होता आणि जिरायत रानात ऊस उभा करणे ही प्रगतीची खूण. त्या गोष्टीत पाणी वापरल्याचा हिशेब येण्याचे कारणच नव्हते.

पर्यावरण हा विषय आला तो तक्रारीच्या वाटेने. कारखान्यांनी मळीपासून मद्यार्क करणाऱ्या आसवन्या काढल्या आणि त्यांच्या मागच्या बाजूला स्पेंटवॉश साचू लागला. एक लिटर मद्यार्कामागे साधारण आठ ते पंधरा लिटर निघणारे हे तपकिरी, आंबूस पाणी. त्याची जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅमच्या घरात जाते, तर नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा आहे तीस. ते जिथे मुरले तिथे विहिरींचे पाणी रंगले आणि ओढ्याला गेले तिथे मासे मेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सतरा अतिप्रदूषक उद्योगांच्या यादीत साखर आणि आसवनी अशी दोन्ही नावे स्वतंत्रपणे आली. तेव्हा या उद्योगाचे पर्यावरणावरचे पहिले बोलणे म्हणजे नोटिसांना दिलेली उत्तरे. बचावाचा हा सूर अजून पुरता गेलेला नाही.

सक्तीचे पुण्य

अहवालातल्या 'उपक्रमां'कडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. शून्य सांडपाणी हा शब्द आज कारखान्याच्या दूरदृष्टीची साक्ष म्हणून छापला जातो. प्रत्यक्षात २००३ मध्ये केंद्राने अतिप्रदूषक उद्योगांबरोबर ठरवलेल्या सनदेत आसवन्यांना स्पेंटवॉशची पूर्ण विल्हेवाट लावण्यासाठी डिसेंबर २००५ ही मुदत होती. आवारात ठरावीक क्षेत्रावर हरितपट्टा राखणे ही संमतीपत्रातली अट असते. चिमणीवर आणि सांडपाण्याच्या नळावर ऑनलाइन मोजणीयंत्रे बसवण्याचे आदेश २०१४ चे. म्हणजे कायद्याने करायला लावलेली कामे पुण्यकर्म म्हणून सांगितली जातात. सभासदाला यातले सक्तीचे कोणते आणि स्वखुशीचे कोणते हे कळायला मार्ग नसतो.

याचा अर्थ कामे हलकी आहेत असा नाही. आसवनीमागचा आजचा कारभार पाहण्यासारखा असतो. स्पेंटवॉश एकामागून एक बाष्पीभवन पात्रांतून आटवून काकवीसारखा दाट करतात, उसाच्या चोथ्याबरोबर, म्हणजे बगॅसबरोबर, खास बॉयलरमध्ये जाळतात आणि त्याच वाफेवर आसवनी चालते. खाली उरणाऱ्या राखेत पालाश असते. त्या राखेपासून केलेल्या खताला २०२१ मध्ये केंद्राच्या पोषणद्रव्य अनुदान योजनेत जागा मिळाली. देशाला लागणारे पालाश जवळजवळ सगळे बाहेरून येते, हे लक्षात घेतले तर एकेकाळी ओढ्यात जाणाऱ्या घाणीची ही गती खरोखर अभिमानाने सांगण्याजोगी आहे. रस गाळून उरलेल्या प्रेसमडचे कंपोस्ट होते, आता त्याच्यापासून बायोगॅसही काढू लागले आहेत.

पाण्याचेही तसेच. उसाच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. टनभर ऊस गाळला की सातशे लिटर पाणी उसाबरोबर आपोआप कारखान्यात येते. रस आटवताना निघणारी वाफ थंड करून ते परत वापरता येते. त्यामुळे नीट चालवलेल्या कारखान्याला हंगामात नदीचे पाणी फारसे लागत नाही. २०१६ च्या मानकांनी टन उसामागे सांडपाण्याला दोनशे लिटरची मर्यादा घातली. अनेक कारखाने ती पाळतात आणि अहवालात तसे लिहितात.

सहवीजही खरी आहे. टन उसामागे पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस निघतो. तो उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःची गरज भागवतो आणि उरलेली वीज महावितरणला विकतो. मात्र अहवालात युनिट किती निर्यात केली ते येते, काजळीचे येत नाही. हंगामात कारखान्याच्या आजूबाजूच्या गावांत दोरीवरच्या कपड्यांवर आणि माडीवर घातलेल्या वाळवणावर काळे कण बसतात. हे रहिवासी उद्योगाच्या पर्यावरणाविषयी जे सांगतील ते अहवालात कुठेच नसते.

इथेनॉलचा मान

या उद्योगाला बचावाच्या पवित्र्यातून खऱ्या अर्थाने बाहेर काढले ते इथेनॉलने. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर उसाच्या रसापासून आणि साखर पुरती न काढलेल्या बी-हेवी मळीपासून इथेनॉल करायला वाट मोकळी झाली, तेल कंपन्यांचे दर ठरले आणि पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणले गेले. ते गाठलेही गेले. साखरेचे पैसे अडकत होते, इथेनॉलचे वेळेत मिळू लागले. परकीय चलन वाचते, कार्बन कमी होतो, शेतकरी 'ऊर्जादाता' होतो हे भाषणांत रुळले. प्रदूषक उद्योग म्हणून हिणवला गेलेला कारखाना हवामानबदलाच्या लढ्यातला शिपाई झाला.

या कथनाला दोन छेद आहेत. पहिला धोरणाचा. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने त्या हंगामापुरती उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी बंदी घातली, काही दिवसांतच ती मर्यादित प्रमाणात सैल केली आणि पुढच्या वर्षी उठवली. साखरेच्या भावाची चिंता आली की हिरवेपण मागे पडते, हे त्यातून दिसले. दुसरा छेद सरकारी अहवालातच आहे. इथेनॉल मिश्रणाचा नीती आयोगाचा २०२१ चा मार्गदर्शक आराखडा सांगतो की उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला सुमारे २८६० लिटर पाणी लागते. अहवालांत इथेनॉलचे लिटर छापले जातात, हे लिटर छापले जात नाहीत.

आणखी एक गोष्ट गाजावाजा न होता घडली. मोठा कारखाना किंवा आसवनी उभारायची तर पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी लागते. प्रकल्पाचा सारांश मराठीत द्यावा लागतो, तीस दिवस आधी जाहिरात द्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात आणि गावकऱ्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले जाते. कारखान्याने गावाशी गावाच्या भाषेत बोलावे अशी सक्ती करणारी ही जवळजवळ एकमेव जागा. जून २०२१ च्या अधिसूचनेने इथेनॉल मिश्रण कार्यक्रमासाठी विस्तार करणाऱ्या, आधीची मंजुरी असलेल्या कारखान्यांना सुनावणी न लागणाऱ्या गटात टाकले. उद्योगाचा सर्वांत हिरवा दावा ज्या उत्पादनाचा, त्याच्याच विस्तारासाठी ही सक्ती उठली.

टनामागचा हिशेब

आता गेटबाहेर जाऊ. पाटपाण्यावरच्या आडसाली उसाला हेक्टरी अडीच कोटी लिटरच्या आसपास पाणी दिले जाते. हेक्टरी शंभर टन उतारा धरला, जो चांगलाच म्हणायचा, तरी टनामागे अडीच लाख लिटर पाणी झाले. नीती आयोगाचा आकडा उलट बाजूने तपासता येतो. टन उसापासून सत्तर लिटर इथेनॉल धरले तर २८६० लिटरच्या हिशेबाने टनामागे दोन लाख लिटर होतात. दोन वेगळ्या वाटांनी आपण एकाच ठिकाणी पोचतो.

हा आकडा त्या दोनशे लिटरच्या शेजारी ठेवून पाहावा. कारखाना ज्या मर्यादेत राहिल्याबद्दल पुरस्कार घेतो ती टनामागे दोनशे लिटरची आणि त्याच टनासाठी फडात गेलेले पाणी दोन ते अडीच लाख लिटर. गेटच्या आतली सगळी शर्थ एका टक्क्याच्या दशांशाभोवतीची आहे. सांडपाण्याचा विखार वेगळा आणि त्याचा बंदोबस्त हवाच. पण पाण्याच्या मापाने बोलायचे तर उद्योगाची खरी पर्यावरणीय गोष्ट बांधावर घडते.

बांधावरची गोष्ट लोकांना ठाऊक नाही असे नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांत उसाला आवर घालण्याची शिफारस केली होती. कृषी मूल्य आयोगाने राज्यातल्या पिकाखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेवरचा ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो असे नोंदवले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने खेळपट्ट्यांच्या पाण्यावरून आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले. मैदानावरचे पाणी टीव्हीवर दिसत होते, उसाचे दिसत नव्हते. त्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कारखान्यांनी आपल्या कार्यक्षेत्रातल्या उसाने किती पाणी घेतले याचा ताळेबंद लोकांपुढे मांडला असता तर ती चर्चा वेगळ्या वळणाने गेली असती.

ठिबकचे दावे याच जागी येतात. ठिबकने पाणी चाळीस-पन्नास टक्के वाचते, म्हणजे टनामागे लाखभर लिटर. याहून मोठा उपक्रम कुठलाच नाही. बारमाही पिकांना कालव्याचे पाणी ठिबकवरच देता येईल अशी तरतूद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. जुलै २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने धरणाच्या पाण्यावरच्या उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा राज्यातल्या सुमारे साडेनऊ लाख हेक्टर उसापैकी सव्वादोन लाख हेक्टर ठिबकवर होता. घोषणा गाजली, अंमलबजावणी रेंगाळली. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर कारणे साधी आहेत. पाणीपट्टी मापावर नसून पिकाच्या क्षेत्रावर असते, त्यामुळे वाचवलेल्या पाण्याचा पैसा हाती येत नाही. वीज येते ती अनेकदा रात्री आठ तास. नळ्या उंदीर कुरतडतात, खोडव्यात त्या गुंडाळायला मजूर लागतो, अनुदान उशिरा येते. कारखाना उसाचे पैसे देतो ते वजनावर आणि उताऱ्यावर. ऊस किती पाण्यावर आला याची बिलात नोंदच नसते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचेही तसेच. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टच्या उसाच्या प्रयोगाचा उल्लेख २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांनी केला आणि 'एआय ऊस' घरोघरी पोचला. उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीतले संवेदक यांच्या आधारे पाणी-खत देण्याची कल्पना चांगलीच आहे. पण प्रयोगाच्या प्लॉटवरचा उतारा आणि तालुक्याची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषणात त्या एक होतात.

एक यश मात्र कमी सांगितले गेले, ते पाचटाचे. तोडणीनंतर हेक्टरी आठ-दहा टन पाचट रानात उरते. पूर्वी काडी लावायची हाच रिवाज होता. कृषी खाते, कारखान्यांचे शेतकी विभाग आणि अनुभवी शेतकरी यांनी वर्षानुवर्षे शिवारफेऱ्या करून पाचट एकाआड एक सरीत दाबून कुजवायला शिकवले. ओल टिकते, तण कमी येते, सेंद्रिय कर्ब वाढतो. हे काम फोटोजोगे नसल्याने अहवालात दोन ओळींत उरकते. किती गटांवर पाचट राहिले आणि किती गटांवर पेटले हे तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या, प्रत्येक कारखान्याच्या चिटबॉयला माहीत असते. ते आकडे एकत्र करून कोणी छापत नाही.

ऐकणारा कोण?

एवढे सगळे कोणासाठी सांगायचे? घरात चहात पडणाऱ्या साखरेला नाव नसते. वाण्याकडे एस-३० किंवा एम-३० अशी दाण्याच्या आकाराने ओळखली जाणारी पोत्यातली साखर असते. ती कोणत्या खोऱ्यातल्या पाण्यावर पिकली हे विचारायची सोयच नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाचा दाब जवळपास शून्य. दाब येतो तो शीतपेये, बिस्किटे आणि मिठाईवाल्या घाऊक खरेदीदारांचा. देशातली निम्म्याहून अधिक साखर तेच घेतात. त्यांच्यासाठी लंडनस्थित बॉनसुक्रोसारखी प्रमाणपत्रे आली. त्यांच्या निकषांत पाणी, खते, जैवविविधता आणि मजुरांचे हक्कही मोजले जातात.

त्या प्रमाणपत्रांची मर्यादा मार्च २०२४ मध्ये उघडी पडली. न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातल्या ऊसतोड मजुरांवर शोधवृत्त छापले. कर्जबाजारी उचल, बालविवाह आणि तरुण वयातल्या गर्भाशय शस्त्रक्रिया यांचा धागा त्यात थेट जागतिक शीतपेय कंपन्यांपर्यंत जोडला होता. आपल्याकडे हे नवे नव्हते. बीड जिल्ह्यातल्या प्रकरणांवर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्येच काम केले होते आणि बीडमध्ये तपासलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढल्याचे नोंदवले होते. कारखान्यांचे उत्तर ठरलेले असते: मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. पाणी शेतकऱ्याचे, मजूर मुकादमाचे, आमचे फक्त गेटच्या आतले. दोन्ही ठिकाणी गेटची रेघ तीच आहे.

शेअर बाजारातल्या मोठ्या हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून पर्यावरण आणि समाजाविषयीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला. सहकारी कारखाना त्यात बसत नाही. म्हणजे शेकडो मैलांवरच्या भागधारकाला जे कळते ते कारखान्याच्या मालक-सभासदाला कळेलच असे नाही.

गुऱ्हाळाची गोष्ट आणखी वेगळी. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चुलवाणात जळव्या चिपाड सारतो, काईलीत रस उकळतो, गुळव्या भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढतो. उसाचा चोथाच इंधन, बाहेरची वीज नाममात्र. निसर्गस्नेही म्हणावे असे बरेच काही आहे, पण ते सांगायला कागद नाही, अधिकारी नाही. गुऱ्हाळ बोलते ते गुळाच्या रंगातून. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा म्हणून हायड्रॉस पावडर आली. आता 'केमिकलमुक्त' म्हणून काळपट गूळ जास्त भावाने विकला जातो आणि तो खरेच तसा आहे का हे रंगावरून ठरत नाही. चुलवाणाच्या धुराचा आणि उसाच्या पाण्याचा प्रश्न तर दोन्ही रंगांत सारखाच.

मोजून सांगण्याचा दाखला

उद्योगाने फडातली गोष्ट अंगावर घेतल्याचे उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. साओ पाउलो राज्यात तोडणीआधी ऊस पेटवून देत. २००२ च्या कायद्याने ती प्रथा बंद करायला २०२१ आणि यंत्र न चालणाऱ्या जमिनीवर २०३१ पर्यंत मुदत दिली होती. २००७ मध्ये कारखान्यांची संघटना आणि राज्य सरकार यांनी करार करून त्या मुदती २०१४ आणि २०१७ वर आणल्या. महत्त्वाचे हे की किती ऊस जाळून तोडला आणि किती हिरवा, हे राष्ट्रीय अंतराळ संशोधन संस्था उपग्रहावरून मोजत होती. आकडा कारखान्याच्या हातात नव्हता, म्हणून त्यावर विश्वास बसला. यंत्रांनी मजुरांचे काम गेले ही त्याची काळी बाजू आणि तीही सांगितली पाहिजे.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या पर्यावरणीय दाव्यांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. 'हरित', 'पर्यावरणपूरक' असे शब्द वापरायचे तर पुरावा द्या, असा त्यांचा आशय. पण ती वस्तू किंवा सेवेशी जोडलेल्या दाव्यांसाठी आहेत. सभेतल्या भाषणाला आणि अहवालातल्या फोटोला ती लागू पडणे अवघड.

नवा कायदा न करताही एक गोष्ट करता येते. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार प्रत्येक कारखान्याला फॉर्म पाच, म्हणजे वार्षिक पर्यावरण विवरणपत्र, प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावे लागते. त्यात उत्पादनाच्या एककामागे किती पाणी लागले हे गेल्या वर्षीच्या आकड्यासह भरायचे असते, शिवाय सांडपाणी, उत्सर्जन, घनकचरा. त्याची मुदत ३० सप्टेंबर. सर्वसाधारण सभेची मुदतही ३० सप्टेंबर. एकाच महिन्यात एकाच कार्यालयातून दोन कागद निघतात. आकड्यांचा कागद मंडळाकडे जातो आणि फोटोंचा सभासदाकडे. फॉर्म पाच मराठीत करून अहवालाला जोडायला छपाईचा तेवढा खर्च येईल.

त्याला फडाचा एक तक्ता जोडावा. नोंदीच्या उसापैकी ठिबकवर किती, पाचट किती हेक्टरवर राखले, किती टन जळीत ऊस आला, कार्यक्षेत्रातल्या निरीक्षण विहिरींची पातळी काय. हे सगळे शेतकी विभागाकडे किंवा भूजल यंत्रणेकडे आजही असते.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे. पाण्याचे आकडे आपणच छापले तर विरोधक ते ऊस उत्पादकाविरुद्ध वापरतील, असे कोणताही अध्यक्ष म्हणेल. पण ते आकडे आधीच बाहेर आहेत. कृषी मूल्य आयोगाने काढले, नीती आयोगाने काढले आणि ते राज्याच्या किंवा देशाच्या सरासरीचे आहेत. त्या सरासरीत पाटाने रान भिजवणारा आणि ठिबकवर निम्म्या पाण्यात तेवढाच ऊस काढणारा असे दोघेही एकाच आरोपाखाली येतात. कारखान्याने गटवार आकडा सांगितला तर त्यातला दुसरा वेगळा उठून दिसेल, त्याला बिलात चार पैसे जास्त द्यायला आधार मिळेल आणि पहिल्याला ठिबककडे वळायला कारण.